पावापुरीच्या सरोवराकाठी

राजगृहीची यात्रा आटोपून आम्ही पावापुरीस पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. कमळांच्या पानांनी झाकलेल्या विस्तीर्ण सरोवराच्या मध्यभागी शुभ्र संगमरवरी जलमंदिर उभे आहे. दगडी पुलावरून चालत आत गेलो आणि प्रभू महावीरांच्या चरणपादुकांपुढे मस्तक टेकले. येथेच प्रभूंच्या देहावर अग्निसंस्कार झाला. लोकांनी चिमूट चिमूट रक्षा नेली. रक्षा संपली तेव्हा माती नेली. अखेर एवढा खड्डा पडला की त्याचेच हे सरोवर झाले, अशी श्रद्धा आहे.

माझ्या मातुःश्रींना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. घरात त्यांना सारे ‘बाई’ म्हणत. दुकानात मी शेठ, मुलांचा पप्पा, नातवंडांचा दादाजी. ‘बाबू’ अशी हाक मारणाऱ्या त्या एकट्याच उरल्या होत्या. सूर्य कलला की दुकानात फोन येई, ‘बाबू, जेवलास का? चौविहाराची वेळ होते.’ बाई गेल्या, आणि त्यांच्याबरोबर हा बाबूही गेला. त्याचे सुतक कोणी पाळले नाही. साठीच्या माणसाने आईसाठी किती रडावे, या संकोचाने मीही डोळे कोरडेच ठेवले होते.

सरोवराच्या काठी बसलो असता गौतमस्वामी आठवले. निर्वाणापूर्वी प्रभूंनी त्यांना देवशर्मा ब्राह्मणास प्रतिबोध देण्यासाठी जवळच्या गावी पाठविले होते. परतताना वाटेतच वार्ता कळली आणि ते विलाप करू लागले, की आता ‘गौतमा’ म्हणून मला कोण हाक मारील? श्वेतांबर परंपरेनुसार तेव्हा त्यांचे वय ८० वर्षांचे होते. प्रभूंपेक्षा ८ वर्षांनी अधिक. प्रथम गणधर, चौदा पूर्वांचे ज्ञाते. तरीही त्यांचे रडणे आचार्यांनी कथेतून गाळले नाही. त्या विलापातच त्यांना उमगले की प्रभू तर वीतराग होते. धरून बसलो होतो तो मीच. कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या पहाटे त्यांना केवलज्ञान झाले.

मला ज्ञान कुठले? पण स्नेहाची गाठ किती घट्ट आहे, हे गौतमस्वामींनाही रडूनच कळले, एवढे मात्र समजले. त्या काठावर मी प्रथमच मोकळेपणी रडलो.

दिवाळीत नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण गौतमस्वामींच्या लब्धीची याचना लिहितो. इतकी वर्षे ती ओळ मी भरभराटीसाठी लिहीत आलो. यंदा लिहिताना वाटेत उभा राहून रडणारा तो वृद्ध शिष्य डोळ्यांपुढे होता. वही पूजेत ठेवली आणि मनातल्या मनात बाईंना म्हणालो, ‘जेवलो.’