नोझल चेकची वही

कर्नाळा अभयारण्याकडून पनवेलला येताना महामार्गाला लागून आमचं झेरॉक्स आणि फोटोचं दुकान आहे. आठवडाभर सातबारा, दाखले, आधारची रंगीत कॉपी. शनिवार-रविवारी पक्षी टिपून परतणाऱ्यांचे फोटो. प्रिंटर टाकीवाला. शाईच्या बाटल्या संपत होत्या, पण त्या मानाने पानं निघत नव्हती, म्हणून टाकीवर मार्करने रेघा मारल्या आणि ही वही घातली. क्लीनिंग मारलं की तारीख, कोणता रंग तुटला होता आणि टाकी किती उतरली, एवढंच लिहायचं.

*

क्लीनिंगचं बटन दाबल्यावर आत काय होतं, हे झाकण उघडून नीट पाहिलं. हेड उजव्या कोपऱ्यात रबरी कॅपवर जाऊन बसतं. कॅपखालचा छोटा पंप शाई ओढतो आणि नळीने ती मागच्या पॅडमध्ये सोडतो. मग वायपर हेडचं तोंड पुसतो. माझ्या प्रिंटरला सगळ्या रंगांची मिळून एकच कॅप. तुटला असतो फक्त गुलाबी, पण पंप ओढतो चारही रंग. बाकीच्या तीन रंगांची शाई विनाकारण पॅडमध्ये जाते.

*

3 पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलीलिटरमध्ये तेहतीस कोटी थेंब होतात. नोझल चेकच्या पानाला, म्हणजे रंगांच्या रेघा छापून कुठला तुटला ते दाखवणाऱ्या पानाला, त्यातले अगदी थोडे लागतात, क्लीनिंगला त्याच्या कितीतरी पट. तरी गिऱ्हाईक समोर उभं असलं की हात आधी क्लीनिंगकडे जातो. माझाही जायचा. वहीतली पहिली चार पानं त्याचीच आहेत.

*

अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने प्रिंटर रोज न वापरता अधूनमधून वापरून तपासले होते. बऱ्याच मॉडेलांत निम्मी किंवा त्याहून कमी शाई कागदावर आली. बाकीची देखभालीत गेली. घरी महिन्यातून दोनदा प्रिंटर लावणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. आठवड्यातून एक रंगीत पान काढा. ती शाई निदान कागदावर तरी येते.

*

हळद्याचा फोटो आला होता. पिवळाजर्द पक्षी, डोळ्यावरून गेलेली काळी पट्टी, मागे पळसाची फांदी. प्रिंटमध्ये पिवळा मळकट दिसत होता. नोझल चेक काढला तर मला तो पूर्ण वाटला. पांढऱ्या कागदावर पिवळ्याच्या तुटलेल्या रेघा डोळ्याला दिसतच नाहीत. मग मोबाईलची स्क्रीन गडद निळी केली आणि अंधारात तिच्या उजेडात पान धरलं. निळ्या प्रकाशात पिवळं काळपट दिसतं. मधल्या तीन रेघा गायब होत्या. आता प्रत्येक नोझल चेक आधी उजेडात पाहतो आणि मग निळ्याखाली.

त्या दिवशी क्लीनिंग मारलं नाही. पूर्ण पिवळी पट्टी असलेलं अर्धं पान दोनदा छापलं, आणि दुसऱ्या वेळी रेघा परत आल्या. शाई मुख्यतः एका रंगाची गेली, तीही पाठकोऱ्या कागदावर. चार रंगांच्या चार पट्ट्यांच्या चार फाइली तेव्हापासून डेस्कटॉपवरच ठेवल्या आहेत.

*

तुटलेली रेघ दर वेळी त्याच जागी असेल तर शाई वाळून नोझल बंद आहे. जागा बदलत असेल, किंवा पान छापता छापता तुटलेल्या रेघा वाढत असतील, तर शाई पोचत नाहीये किंवा नळीत हवा शिरली आहे. अशा वेळी आधी टाकी बघा. ती खालच्या रेघेखाली असेल तर भरा, आणि प्रिंटर रात्रभर शांत ठेवा. दोन्ही दुखणी वेगळी आहेत, आणि सरसकट दोन्हींवर क्लीनिंग मारणं हीच सगळ्यात मोठी नासाडी आहे असं माझं ठाम मत झालं आहे.

*

क्लीनिंग, नोझल चेक, क्लीनिंग, नोझल चेक. तीनदा करूनही रेघ आली नाही तर थांबा, असं कंपन्यांची पुस्तकंच सांगतात. कुणी 6 तास म्हणतं, कुणी 12. थांबल्याने फरक पडतो याला कारण आहे. कॅपमधल्या ओलाव्याने वाळलेली शाई सैल होते आणि बुडबुडे जागा सोडतात. एकदा संध्याकाळी हट्टाने सात वेळा क्लीनिंग मारलं होतं तेव्हा टाकी बोटभर उतरली आणि रेघ तशीच राहिली. सकाळी पहिल्याच नोझल चेकला ती पूर्ण आली. वहीतल्या त्या नोंदीभोवती लाल चौकट केली आहे.

*

फेब्रुवारीपासून मेपर्यंत नोंदी दाट, जून ते सप्टेंबर विरळ. कर्नाळ्याच्या सुळक्यावर ढग उतरले की हवेत इतका ओलावा असतो की हेड वाळत नाही. तेव्हा त्रास देतो तो दमट कागद. उन्हाळ्यात उलट. त्यात महामार्गाचं पनवेल-इंदापूर रुंदीकरण 2011 पासून चाललेलं, त्याची धूळ वर्षानुवर्षं दुकानात. प्रिंटरवर सुती कापडाचं आच्छादन शिवून घेतलं आणि समोरचा पंखा दुसऱ्या भिंतीकडे वळवला.

*

छापताना लाइट गेली की हेड मध्येच उघडं राहतं. लाइट आल्यावर लगेच प्रिंटर चालू करायचा, म्हणजे ते आपोआप कॅपवर जातं. रात्री बंद करतानाही आधी प्रिंटरचं बटन, दिवा विझला की मगच बोर्डाचं. दुकान घाईत बंद करणाऱ्या आमच्या पुतण्याला हे सांगून सांगून थकलो. शेवटी बोर्डावर चिठ्ठी चिकटवली.

*

कॅपची कड. इथे बहुतेकांचं लक्ष जात नाही. रबराच्या कडेवर शाईची पापडी बसली की हेड घट्ट बसत नाही, पंप शाईऐवजी हवा ओढतो, आणि बंद असतानाही हेड वाळत राहतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेल्या इअरबडने कड हलक्या हाताने पुसायची आणि आतल्या स्पंजवर दोन-तीन थेंब सोडायचे. बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार राहतात. हेडच्या तोंडाला इअरबड लावायचा नाही. महिन्याला पाच मिनिटांचं काम. हे सुरू केल्यापासून क्लीनिंगच्या नोंदी निम्म्यावर आल्या.

*

काळ्याची एक गोष्ट. पिग्मेंट काळी शाई असलेल्या अनेक प्रिंटरांत फोटो पेपर निवडला की काळा रंग बाकीच्या तीन रंगांतून बनतो. म्हणजे दिवसभर फोटो छापले तरी खरं काळं नोझल कोरडंच बसतं. दुकानात फोटोंचीच गर्दी असेल तर संध्याकाळी साध्या कागदाच्या सेटिंगवर चार ओळी काळ्या छापा.

*

कॅननच्या इचिरो एंडो यांनी 1977 मध्ये शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला गरम सोल्डरिंग आयर्न लागताना पाहिलं. सुईतून शाई उडाली, आणि त्यातून उष्णतेने शाई उडवणारं बबल जेट आलं. त्या जातीच्या हेडमध्ये शाई स्वतः उष्णता वाहून नेते. टाकी कोरडी असताना छापत राहिलं तर नोझल जळतं, आणि जळलेलं नोझल कितीही क्लीनिंग मारलं तरी परत येत नाही.

*

पॅड भरलं की प्रिंटर थांबतो. बाजारात ‘रिसेट मारून’ मिळतं, म्हणजे मोजणी शून्यावर येते, पॅड मात्र भरलेलंच राहतं. माझ्याकडे तशी शाई टेबलावरून खाली ठेवलेल्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर उतरली. रिसेट करा, पण पॅड बदलूनच.

जुनं पॅड गटारात धुऊ नका. समोर जंगल आहे, पावसाचं पाणी सगळं खाली नेतं. वाया गेलेली शाई रद्दी पेपरात मुरवा, वाळवा, आणि जुन्या कार्ट्रिजबरोबर ई-कचरा घेणाऱ्याला द्या. प्रिंटर आणि कार्ट्रिज 2022 च्या ई-कचरा नियमांच्या यादीत आहेत.

*

आज सकाळी भरलेली टाकी वरच्या रेघेवर आहे. मागची क्लीनिंगची नोंद सव्वीस दिवसांपूर्वीची. तुमच्या प्रिंटरची रेघ तुटली तर आधी नोझल चेक काढा, पान निळ्या उजेडात धरा, कॅपची कड बघा. क्लीनिंगचं बटन त्यानंतर.