थोडक्या वर्षांची कामगिरी

मनुष्याच्या कर्तृत्वाची मोजणी वर्षांनी करावी की कामाने, हा प्रश्न जुनाच आहे. विद्यार्थिमित्रहो, त्याचे उत्तर शोधताना आम्हांस एका फुटबॉलपटूचे चरित्र फार उद्बोधक वाटते.

फोर्तुनातो फ्रँको यांचा जन्म १९३७ साली गोव्यातील बार्देश तालुक्यात, कोलवाळ गावी झाला. ते वाढले मात्र आपल्या खाडीपलीकडच्या मुंबईत. प्रथम पश्चिम रेल्वेकडून व पुढे टाटांच्या संघाकडून ते खेळले. त्यांची जागा हाफबॅकची. प्रतिपक्षाची चढाई मध्येच अडवावी, चेंडू हस्तगत करावा आणि आघाडीच्या गड्याकडे बिनचूक पोहोचवावा, हे हाफबॅकचे काम. गोल दुसऱ्याच्या नावे लागतो. टाळ्याही त्यालाच मिळतात.

१९६० साली रोम येथील ऑलिंपिकसाठी फ्रँको यांची निवड झाली, परंतु एकाही सामन्यात उतरण्याची संधी त्यांना लाभली नाही. ते खचले नाहीत. १९६२ च्या जाकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताचा पहिलाच सामना दक्षिण कोरियाने २-० असा जिंकला. त्यानंतर आपल्या संघाने थायलंड, जपान व दक्षिण व्हिएतनाम यांना नमवले आणि अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर आला. प्रेक्षकसमुदाय भारतावर रुष्ट होता. जर्नेलसिंग डोक्याला जखम असतानाही खेळत होते. पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांच्या गोलांनी भारत २-१ असा विजयी झाला. धावफलकावर फ्रँको यांचे नाव नाही. सुवर्णपदकात मात्र त्यांचा वाटा आहे. १९६३-६४ च्या हंगामात संतोष करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघातही ते होते.

पुढे गोव्याच्या साळगावकर संघाकडून खेळत असता गुडघ्यास दुखापत झाली आणि तिशीच्या उंबरठ्यावरच त्यांचा खेळ संपला. मग टाटांच्या नोकरीत ते जनसंपर्क अधिकारी म्हणून राहिले. १० मे २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी ते निवर्तले, तेव्हा देशाने स्मरण केले ते त्या मोजक्या वर्षांचेच.

हे सांगण्यास कारण आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचा खेळ अशाच दुखापतीने सुटला, तेव्हा त्याचे वडील म्हणाले, "गुरुजी, चार वर्षे फुकट गेली!" त्यांची काळजी आम्ही जाणतो. न्हावा-शेव्याच्या कित्येक घरांनी मासेमारी व मिठागरे मागे टाकून १९८९ साली सुरू झालेल्या बंदराकडे पोटासाठी पाहिले आहे. मुलाने वेळेवर मिळवते व्हावे, असे त्यांना वाटणे स्वाभाविकच आहे. तथापि 'फुकट' हा शब्द आम्हांस पटत नाही. पहाटे उठणे, दुसऱ्यासाठी धावणे, हरल्यावर पुन्हा मैदानात उतरणे, हे त्या मुलाने चार वर्षांत कमावले. ते गुडघ्याबरोबर जात नाही.

म्हणून पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलांचा खेळ तोडू नये. आणि मुलांनो, तुम्हीही अभ्यास सोडू नये. पाय कधी थकतील हे कोणाच्याच हाती नाही. तोवर चेंडू नीट पुढे पोहोचवणे तेवढे आपल्या हाती आहे.