५६ टाके
मोज्याचे माप सुया व लोकर ठरवितात, असा माझा समज होता. वडिलांसाठी मोजे विणावयास घेतले आणि तो भ्रम फिटला. लातूरला निवांत दुपारी विणलेल्या पहिल्या मोज्यात इंचाला ७ टाके बसले. ५६ टाक्यांचा घेर ८ इंच भरला. दुसरा नांदेडला, त्यांच्या अंथरुणापाशी बसून विणला. लोकर तीच, सुया त्याच, टाकेही ५६च. परंतु इंचाला ८ टाके दाटले, घेर ७ इंचांवर आला आणि मोजा टाचेवरून चढेना. काळजीने हात आवळला होता, हे मला उमगले नव्हते. वडिलांनी मात्र ओळखले. “घाई नको, बाळ,” ते म्हणाले, “थंडी अजून पुष्कळ आहे.” मी मोजा उसवला व किंचित जाड सुयांवर पुन्हा ५६ टाके घातले. हात सैल सोडणे माझ्या स्वाधीन राहिले नव्हते.