वजन भरलं, म्हणजे झालं?

बाळ जन्मलं की आपला पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी? दुसरा, वजन किती? अडीच किलो भरलं की सगळे निवांत.

पण काट्यावर न दिसणारी एक गोष्ट असते. छातीच्या मधल्या हाडामागची थायमस ग्रंथी. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी इथंच तरबेज होतात, तेही आईच्या पोटात असल्यापासून. बाळ लहान, तर थायमसही बहुधा लहान. पुढं कुपोषण झालं तर ती आणखी आक्रसते आणि साधी हगवणही लेकराला जड जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून जवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन निघालं सुमारे २.७ किलो. पालेभाज्या, फळं, दूध जास्त घेणाऱ्या आयांची बाळं सरासरीनं मोठी, जड कामं करणाऱ्यांची लहान.

आता आपल्या हिंगोलीत बघा. सातव्या-आठव्या महिन्यातली बाई हळदीच्या वावरात दिसते. तिच्या डब्यात काय आहे, हे कुणी विचारतं का?

ग्रामसभेत रस्ता-नालीवर आपण तासभर भांडतो. एकदा गरोदर बाईच्या ताटावर आणि विसाव्यावरही बोला की! लेकराची ताकद तिथूनच सुरू होते.