एन-दोरची भाकरी

जयपुरातील आदर्श नगर ही वस्ती फाळणीनंतर मुलतान, सिंध आणि पंजाब येथून आलेल्या निर्वासित कुटुंबांनी वसवली. त्याच वस्तीत, नोकरीतील बदलीच्या हुकुमाने अहमदनगर सोडून आलेले आमचे मराठी ख्रिस्ती बिऱ्हाड गेली कित्येक वर्षे मुक्कामाला आहे. दसऱ्याला येथल्या मैदानावर रावण जळतो तेव्हा सारा शेजार तिकडे लोटतो, आणि मायावी राक्षसांच्या व सोन्याच्या हरणाच्या कथा माझी मुले शब्बाथशाळेतील गोष्टींइतक्याच गोडीने ऐकत वाढली आहेत. म्हणून नाताळच्या सुटीत ‘हॅरी पॉटर’चा २००१ सालचा पहिला चित्रपट हिंदीतून पाहून धाकटी हाती लाटणे घेऊन, मंत्र पुटपुटत घरभर हिंडू लागली, याचे मला नवल वाटले नाही, नवल वाटले ते माझ्याच छातीत भरलेल्या धसक्याचे.

तो धसका निराधार नव्हता. बायबलमधील अनुवाद या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणारा, चेटूक करणारा, मृतांना विचारणारा अशा सर्वांची तपशीलवार नोंद करून त्यांच्या मार्गाला सक्त मनाई केलेली आहे. आणि इफिस येथील जादूगारांनी विश्वास धरल्यावर आपली पुस्तके सर्वांसमक्ष जाळली तेव्हा त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यनाणी भरली, हे मीच मुलांकडून पाठ करवून घेतले आहे. मंडळीतील एका वृद्ध गृहस्थांनी असले चित्रपट उंबऱ्याच्या आत येऊच देऊ नका असे मला कळवळून सांगितले, आणि त्यांच्या कळवळ्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

परंतु त्याच वेळी मला माझी आजी आठवत होती. हरि केशवजींनी १८४१ साली बनियन या इंग्रज लेखकाच्या ग्रंथाचे ‘यात्रिकक्रमण’ हे भाषांतर केले. ती यात्रेकरूची कथा आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात असे, आणि कंदिलाच्या उजेडात आजी जेव्हा निराशा नावाच्या राक्षसाने यात्रेकरूंना संशयाच्या किल्ल्यात कोंडले तो प्रसंग सांगू लागे, तेव्हा आम्ही भावंडे एकमेकांना बिलगत असू. अखेर वचन नावाच्या किल्लीने त्या तुरुंगाची कुलुपे उघडत. तो राक्षस अहमदनगरच्या वेशीबाहेर राहतो असे आम्हांला कधी वाटले नाही. पण निराशा माणसाला कोंडून घालते, हे मात्र त्याच राक्षसाने मला आयुष्यभरासाठी शिकवले.

म्हणून मी लाटणे हिसकावून घेतले नाही. धाकटीला जवळ बसवले आणि चित्रपटात तुला काय आवडले, एवढेच विचारले. हिंदीत त्या चित्रपटाच्या नावात ‘पारस पत्थर’ आहे, म्हणजे आपला परीस. आणि तिच्या मनात भरले होते ते हे की तो परीस ज्याला वापरायचा आहे त्याला आरशातून मिळत नाही, आणि ज्याला तो नुसता सापडायला हवा आहे, वापरायचा नाही, त्याच्याच खिशात येतो. तेव्हा मी तिला शोमरोनातल्या शिमोनाची हकीकत सांगितली. प्रेषितांनी हात ठेवताच पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्या जादूगाराने तो अधिकार विकत घेण्यासाठी पैसे पुढे केले, आणि पेत्राने त्याला कठोर शब्दांत झिडकारले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “पप्पा, म्हणजे त्यालाही परीस वापरायचाच होता.” चेटकाविषयी मला जे सांगायचे होते त्यातले पुष्कळसे त्या एका वाक्यात येऊन गेले.

पुढच्या शनिवारी मी दोन्ही मुलांना जंतरमंतर पाहायला नेले. मराठी कानाला हे नाव गंडेदोऱ्यांचे वाटते, आणि धाकटीही तशाच काही अपेक्षेने आली होती. पण सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारलेल्या त्या प्रांगणात दगड, चुना, धातू आणि गणित यांखेरीज काही नाही, आणि १७३४ साली चंद्रनगरहून दोन जेझुइट पाद्री खगोलशास्त्राच्या चर्चेसाठी महाराजांच्या निमंत्रणावरून या शहरात आले होते, ही गोष्ट मला आम्हां ख्रिस्ती लोकांच्या भाग्याची वाटते. सुमारे सत्तावीस मीटर उंचीच्या सम्राट यंत्राची छाया त्याच्या वक्र पट्टीवरून दर सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. धाकटीने छायेच्या कडेला बोट टेकवले आणि श्वास रोखून ती उभी राहिली. मिनिटभरात छाया बोट ओलांडून गेली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटले ते चित्रपट पाहताना उमटले होते त्याहून उणे नव्हते.

परत येताना मात्र थोरल्याने बहिणीला चिडवण्यासाठी गल्लीत ऐकलेला शब्द वापरला: “डाकण!” त्या वेळी मी असा संतापलो की दोघेही भेदरली. लाटण्याला जी मनाई मी केली नव्हती ती या शब्दाला केली. कारण डाकण म्हणजे चेटकीण, आणि राजस्थानात हा खेळातला शब्द नाही. तो एखाद्या विधवेवर, एकटीवर, जमिनीच्या तुकड्याची वारस असलेल्या बाईवर टाकला की गाव तिला मारझोड करून हाकलते, कधी जिवे मारते. मेवाड संस्थानाने १८५३ साली या प्रथेला बंदी केली, तरी २०१५ साली राज्याला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आणि आम्हीही हात झटकू शकत नाही: निर्गमातील चेटकिणींविषयीच्या एका आज्ञेचा आधार घेऊन युरोपातील ख्रिस्ती न्यायासनांनी हजारो स्त्रियांना फासावर चढवले, जाळले. हे मुलांपासून लपवावे असे मला वाटत नाही.

त्या रात्री कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी मी पहिल्या शमुवेलातला अठ्ठाविसावा अध्याय उघडला. शौल राजाने भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून घालवून दिले होते, आणि पराभवाच्या भयाने तोच वेष पालटून रात्री एन-दोर येथील तसल्याच एका स्त्रीच्या दारी गेला. हा मला जाळ्यात पकडून मारायला आला आहे, अशी भीती तिला वाटली. पण दिवसभर व रात्रभर अन्नाला न शिवलेला तो राजा तिने वर आणलेल्या मृत शमुवेल संदेष्ट्याचे शब्द ऐकून जमिनीवर कोसळला, तेव्हा त्याच बाईने त्याला खाण्याचा आग्रह केला, घरातले पोसलेले वासरू कापले, पीठ मळले आणि त्याच्यासाठी बेखमीर भाकरी भाजल्या.

“तिचं नाव काय होतं?” धाकटीने विचारले.

शास्त्रात दिलेले नाही, असे मी सांगितले.

“मग नंतर तिला कुणी मारलं का?”

तेही लिहिलेले नाही. थोरला मान खाली घालून बसला होता. प्रार्थनेत ज्याने त्याने आपापली नावे घेतली, आजारी मावशीचे, गावाकडच्या चुलत्यांचे, आणि त्याची पाळी आली तेव्हा तो चाचरत म्हणाला, “ती भाकरीवाली बाई.”