रिकामं खोगीर

आमच्या घरच्या अल्बममध्ये शेवटच्या पानाआड काही फोटो नुसतेच सरकवून ठेवलेले असत. चिकटवण्याच्या लायकीचे नव्हेत, असे. ‘हा हलला,’ म्हणत आई पान उलटायची. हललेला असायचा कुणाचा तरी हात, कुणाची मान, झोपाळ्यावरचं एखादं पोर. ठपका मात्र फोटोवर. पुढे माझ्या हाती कॅमेरा आला आणि सगळ्यात आधी मी शिकले, ते काही म्हणजे काही हलू न देणं.

आषाढातली दुपार. वाखरीच्या वाटेवर, बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण लागलं होतं. पताकावाले धावून गेले होते, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, पखवाजवाले, विणेकरी, सगळे धावून गेले होते. टाळांचा नाद चहूकडून येऊन मधल्या मोकळ्या जागेत साठत होता, आणि एका सरीने भिजलेल्या मातीचा, घामाचा, बुक्क्याचा मिळून एकच वास अंगावर येत असताना अंकलीहून आलेले दोन अश्व आत सोडले. एकावर स्वार, हाती जरीपटका. दुसऱ्याचं खोगीर मोकळं.

त्यावर माउली.

शटरची चकती मी हजारावर ठेवली होती. सेकंदाचा हजारावा भाग. अश्व समोरून गेला आणि स्क्रीनवर पाहिलं तर चारही टापा जमिनीवेगळ्या, उडालेलं ढेकूळ हवेत टांगलेलं, आयाळीचा केस न् केस सुटा. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिजने धावत्या घोड्याचे फोटो काढले, तेव्हा माणसाच्या डोळ्याला कधी न गवसलेलं हेच अधांतर पहिल्यांदा दिसलं होतं. माझा फोटो निर्दोष होता. पण घोडा शाडूचा वाटत होता. आणि खोगीर लख्ख, रिकामं.

चकती तीसवर आणली. अ‍ॅपर्चर बारीक केलं, पाय रोवले, कोपरं बरगड्यांना टेकवली आणि कमरेतून अश्वासोबत वळत गेले, श्वास धरून. बोट दाबल्यावरही वळत राहिले. याला पॅनिंग म्हणतात. आपल्या वळण्याचा वेग त्याच्या वेगाशी जुळला, तर तेवढा तो टिकतो आणि बाकी सगळं वाहून जातं. बहुतेक फोटो वायाच जातात. तिसऱ्या फेरीला एक लागला. अश्वाचा डोळा स्वच्छ, पाय धुरासारखे, मागच्या पताका, पदर, टोप्या ताणल्या जाऊन भगव्या-पांढऱ्या रेघा झालेल्या. त्यांतला एक पांढरा पट्टा नेमका खोगिरावरून गेला होता. रांगेतल्या कुणाच्या तरी सदऱ्याचा.

“काय काढलंस, दाव की,” म्हणत शेजारच्या आजींनी टाळ काखेत धरून मान पुढे घातली. बराच वेळ पाहिलं.

“बसल्यात की माउली.”

मला दागेरचा १८३८ मधला पॅरिसचा रस्ता आठवला. गाड्यांनी, माणसांनी भरून वाहणारा रस्ता; पण त्याच्या प्लेटवर प्रतिमा उमटायला काही मिनिटं लागत, म्हणून चालणारं ते सगळं पुसलं गेलं आणि बूट पॉलिश करून घ्यायला थांबलेला एक माणूस तेवढा उरला. रस्ता ओस दिसतो. तो ओस नव्हता. हजारावर काढलेल्या माझ्या त्या लख्ख खोगिराबद्दल तेव्हापासून मी खात्रीने काही बोलत नाही.

रिंगण संपलं तशी माणसं टापांखालच्या मातीकडे धावली. आजीही गेल्या, वयाच्या मानाने फार वेगाने. परत आल्या त्या मूठ मिटूनच. चिमूटभर कपाळाला लावली, चिमूटभर पदराच्या गाठीत बांधली, उरलेली माझ्या तळहातावर ठेवली. त्याच हाताने मी कॅमेरा उचलला. शटरच्या चकतीवर, तीस आणि साठच्या मधल्या खाचेत, ती माती अजून आहे.