नांगर उचलायचाय, पण...

तुम्ही भाड्याचा फ्लॅट बदलता तेव्हा काय करता? ब्रोकरला फोन, टेम्पोवाल्याला फोन, डिपॉझिटसाठी मालकाशी चार दिवस वादावादी आणि दोन फेऱ्यांत खेळ खल्लास! आमचं जरा वेगळं आहे. आम्हाला अख्खं घरच हलवायचंय. आणि त्याआधी घरातली एकूण एक वस्तू अशी बांधायचीय, की घर तिरकं झालं तरी ती जागची हलता कामा नये.

घर म्हणजे 34 फुटांची शिडाची बोट. पत्ता : प्रिकली बे, ग्रेनेडा, कॅरिबियन. रहिवासी दोन, मी आणि नवरा. तो लॅपटॉपवर कोडिंग करतो, मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून लेख पाडते. टेबलही एकच आहे म्हणा!

इथे आम्ही जूनपासून आहोत, कारण 1 जून ते 30 नोव्हेंबर हा इकडचा चक्रीवादळांचा सीझन. ग्रेनेडा साधारण 12 अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि बहुतेक वादळं त्याच्या वरून निघून जातात. 'बहुतेक' हा शब्द नीट वाचा. 2004च्या सप्टेंबरमध्ये 'आयव्हन' थेट इथेच आलं होतं. 1 जुलै 2024ला 'बेरिल'ने शेजारच्या कॅरियाकू बेटाची दाणादाण उडवली. खारफुटीत आसऱ्याला बांधलेल्या बोटीही त्यातून सुटल्या नाहीत. त्यामुळे सहा महिने सकाळचा चहा आणि हवामानाचा नकाशा असा आमचा नाश्ता होता.

आता डिसेंबर लागलाय. वादळं संपली आणि 'ख्रिसमस विंड्स' अजून सुरू व्हायच्यात. हे जोरदार वारे एकदा लागले की उत्तरेकडे जाणं म्हणजे दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा वाजता गर्दीच्या उलट चालणं. जायचं तर आत्ताच.

मग कामाला लागलो. सहा महिने एका जागी उभ्या असलेल्या बोटीच्या पोटाला शेवाळ आणि बार्नेकलचा जाड थर चढतो. मास्क लावून, पाण्याखाली श्वास रोखून तो खरवडायचा. पंख्यावरचाही काढायचा, नाहीतर इंजिन नुसतंच गुरगुरतं. नांगराच्या साखळीला तर अख्खं जंगल लटकलेलं! मग नवरा डोलकाठीवर चढला आणि तारेचा एकेक सांधा बोटाने चाचपून आला. मी खाली दोर धरून उभी. आमच्या लग्नातला सगळ्यात शांत अर्धा तास होता तो.

बाजारहाट माझ्याकडे. सेंट जॉर्जेसच्या बाजारात हळद मागितली तर लोक गोंधळतात, कारण इथे हळदीला 'सॅफ्रन' म्हणतात. 'कॅलालू' म्हणून जुडी मिळते, ती चक्क अळू! दालपुरी आणि रोटीही मिळते. 1 मे 1857ला कलकत्त्याहून 'मेडस्टोन' जहाज मजूर घेऊन इथे पोचलं, त्याची ही चव. अंडी मात्र फ्रीजमध्ये न ठेवलेलीच घ्यायची आणि दर दोन दिवसांनी उलटी करायची. आठवडेच्या आठवडे टिकतात.

कामाची यादी संपत आली आणि खरी पंचाईत पुढे आली. एका कंपनीने मला महिन्याच्या ठरलेल्या पैशांचं काम देऊ केलं. अट एकच, रोज व्हिडिओ कॉल. आमचं इंटरनेट फोनच्या सिमवर चालतं. या खाडीत ते फर्स्ट क्लास आहे, मधल्या समुद्रात शून्य. म्हणजे काम हवं तर मुक्काम हलवायचा नाही. फ्रीलान्सरला 'दरमहा' या शब्दाची काय भूक असते, हे ईएमआय भरणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

दोन रात्री हिशेब केला. इथे अडकणं सोपं आहे. शेजारच्या बोटीवरचं एक जोडपं एका सीझनसाठी आलं होतं. आज त्यांच्या डेकवर कुंड्या आहेत आणि शिडं कव्हरातच. ते मजेत आहेत, खरंच. पण त्यांनी राहायचं ठरवलं असं कधी झालंच नाही. दरवर्षी निघायचं तेवढं राहून गेलं. मला भीती पैसे जाण्याची नव्हती, अशा 'राहून जाण्याची' होती. पुण्यातली नोकरी सोडून मी इतक्या लांब आले ती एका जागी बसून रोज नऊचा कॉल घ्यायला? मी नाही कळवलं. बचतीवर चार महिने निघतील, तेही काटकसरीने.

आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "गॅस पुरेल ना गं?" पुरेल, आई. कुकर आहे.

परवा पहाटे निघतोय. कॅरियाकूपर्यंत दिवसभराची वाट. वाटेत 'किक एम जेनी' नावाचा ज्वालामुखी आहे, समुद्राच्या पोटात! 2017मध्ये तो फुटला होता, म्हणून त्याला दुरूनच नमस्कार. कॅरियाकू ग्रेनेडाचंच, तेव्हा देश सोडल्याचा शिक्का तिथे मिळेल. पुढे बेक्वे, नवा देश. तिथे आधी पिवळा झेंडा चढवायचा, मग कागदपत्रं. झेंडा मी कालच इस्त्री करून ठेवलाय. इस्त्री म्हणजे गादीखाली दाबून, अर्थात.